टर्बाइन्सचं काही खरं नाही

सरोजाक्का बास्केटबॉलचा सामना मैदानाकडे पाठ करून पाहायच्या. यात माझी जराही अतिशयोक्ती नाही. गेल्या हंगामात मी त्यांच्या शेजारी बसून पाच सामने पाहिले. इनडोअर स्टेडियममध्ये पायऱ्यांवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. आल्या आल्या अक्का आपली खुर्ची उचलायच्या, फिरवायच्या आणि मागच्या रांगेकडे तोंड करून बसायच्या. मागच्या रांगेतल्या माणसांना पहिली पाच मिनिटं वाटायचं, आपल्या गालाला काहीतरी लागलंय. ती माणसं गाल पुसायची. मग शर्टाची बटणं तपासायची. मग चिप्सची पिशवी घेऊन गुपचूप दुसरीकडे जायची. मध्यंतरापर्यंत आमच्या मागे तीन रांगा रिकाम्या झालेल्या असत, आणि अक्का त्या रिकाम्या खुर्च्यांकडे संतापानं बघत असत.

तो त्यांचा निषेध होता. कशाचा, ते सांगायला मला जरा मागं जावं लागेल.

सरोजाक्का जाधव बेंगळूरला, राजाजीनगरात आमच्या समोरच्या घरात राहतात. वय सत्तर, उंची पावणेसहा फूट. गल्लीत भाजीची गाडी आली की गाडीवरच्या छत्रीला फक्त त्यांचंच डोकं लागतं. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. मी बावीस वर्षांपूर्वी पुण्याहून एका सरकारी संशोधन संस्थेत नोकरीला आलो आणि माझंही तेच झालं. पण त्यांच्या लेखी मी कालचा पाहुणा. माझं मराठी त्यांना पेपरातलं वाटतं. त्यांचं मराठी निम्मं कन्नड. 'स्वल्प थांबा', बरं म्हणायला 'सरी, सरी' आणि फार झालं की 'साकु', म्हणजे पुरे. मी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, तरी त्या मला अण्णा म्हणतात. त्यामुळे त्या मला झापतात तेव्हासुद्धा मोठ्या आदरानं झापल्यासारखं वाटतं.

तरुणपणी अक्का एका सरकारी कारखान्यात खेळाडू म्हणून लागल्या, पंधरा वर्षं कारखान्याच्या बास्केटबॉल संघातून खेळल्या आणि शेवटी स्टोअर सुपरवायझर म्हणून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. एकट्याच असतात. खेळ सुटून जमाना झाला, पण त्या अजून माणसाची परीक्षा त्याच्या पायांवरून करतात. 'पाय बघा, पाय,' हे त्यांचं पालुपद. माझ्या पुतणीला सांगून आलेला एक मुलगा आमच्याकडे येऊन गेला. पगार चांगला, घर चांगलं, आम्ही सगळे खुशीत. अक्कांनी त्याला फक्त फाटकातून बाहेर जाताना पाहिलं होतं. संध्याकाळी येऊन म्हणाल्या, मुलगा बरा आहे, पण वळताना कुठला पाय आधी टाकायचा हे त्याला आयत्या वेळी ठरवावं लागतं, तेव्हा काही खरं नाही. ते लग्न झालं नाही. कारणं वेगळी होती, पण अक्का अजून ते श्रेय सोडायला तयार नाहीत.

तर काही वर्षांपूर्वी मुलींची व्यावसायिक बास्केटबॉल लीग सुरू झाली आणि आमच्या शहराला एक संघ मिळाला, बेंगळूर टर्बाइन्स. नावावरूनच अक्का आधी भडकल्या. त्यांनी कारखान्यात खरी टर्बाइनं पाहिली होती. ती जागेवर गरगर फिरतात, आणि आपल्या खेळात जागेवर फिरत राहणाऱ्याचा बॉल जातो, असं त्यांचं म्हणणं. पण पहिला सामना पाहून आल्या त्या चालण्याऐवजी तरंगतच. मुलींना खेळण्याचा पगार मिळतो, स्टेडियम भरतं, लहान पोरी सही मागतात, हे त्यांनी मला तीन-तीनदा सांगितलं. पुढे त्या एकही सामना चुकवेनात, आणि त्यांना सोबत हवी म्हणून मलाही चुकवता येईना. माझ्या बायकोनं मला त्यांच्या स्वाधीनच केलं होतं. रविवारी दुपारी घरात लोळण्यापेक्षा बरं, असं तिचं मत.

संघाची कर्णधार होती नंदिनी. आनेकलची मुलगी. शाळेत असताना पहाटेची बस धरून शहरात सरावाला यायची. बुटकी, काटक, आणि तिच्या हातात बॉल आला की बाकीच्या चौघी आपोआप जागेवर जायच्या. अक्कांच्या मते अशी पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढं नेऊन खेळ मांडणारी, या शहरानं पाहिली नव्हती. त्यांनी तिच्याशी हळूहळू ओळख काढली आणि सामन्यानंतर तिला चकलीचा डबा देऊ लागल्या. त्याआधीच्या हंगामात टर्बाइन्स अंतिम सामना दोन गुणांनी हरले. अक्का रडल्या नाहीत. परतताना मेट्रोत त्यांनी मला शांतपणे सांगितलं, की पुढचं वर्ष आपलंच आहे, फक्त एक उंच राखीव खेळाडू हवी.

त्याऐवजी संघाचं व्यवस्थापन बदललं. नवे साहेब आले. त्यांनी बारापैकी आठ मुलींना नारळ दिला, नंदिनीसकट, आणि ही बातमी एका व्हिडिओतून जाहीर केली. व्हिडिओत धूर होता, ढोल होते, नव्या मुली धुरातून बाहेर येत होत्या, आणि खाली लिहिलं होतं, 'नवं पर्व'. जुन्या आठ जणींचे फोटो शेवटी एकत्र येऊन गेले. 'आभार' एवढाच मजकूर.

अक्का सकाळी सात वाजता माझ्या दारात उभ्या. माझ्या अर्ध्या गालाला साबण होता. त्यांनी फोन माझ्या नाकाशी धरला आणि व्हिडिओ मला दोनदा दाखवला. नंदिनीचा फोटो सव्वा सेकंद दिसतो, असं त्यांनी मोजलं होतं. मूग निवडायलाही त्याहून जास्त वेळ लागतो, असं त्या म्हणाल्या. फोटो तरी धड लावायचा. पाचव्या मुलीच्या नावाखाली सहाव्या मुलीचा फोटो होता. ज्यांना आपण काढतो त्यांची तोंडंसुद्धा या लोकांना ठाऊक नाहीत.

इथं माझ्या हातून गुन्हा घडला. मी इंजिनियर माणूस. मी दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या, नव्या मुलींच्या उंच्या पाहिल्या, मागच्या वर्षीचे त्यांचे गुण पाहिले, आणि गालावरचा साबण पुसत म्हणालो, की तसं पाहिलं तर कागदावर नवा संघ जास्त चांगला दिसतोय.

अक्कांनी फोन पदरात गुंडाळला.

"कागदावर सगळेच उंच असतात, अण्णा," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

त्या नऊ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला सांगायचे निरोप माझ्या बायकोला सांगत, तेही मी समोर उभा असताना. मलाही राग आला. संघ मी निवडला होता का? त्या व्हिडिओतला धूर मी सोडला होता का? बायको म्हणाली, तुम्हाला गप्प बसता आलं नाही का. घरात आणि गल्लीत माझी बाजू घेणारं कुणी उरलं नाही.

दहाव्या दिवशी अक्का स्वतः आल्या, कारण त्यांना पत्र लिहायचं होतं आणि इंग्रजी माझ्याकडे होतं. त्या मराठीत सांगत गेल्या, मी इंग्रजीत उतरवत गेलो. पत्र असं होतं, की महाशय, आपण उंची बघितली, पाय बघितले नाहीत. आठ नव्या मुली एकमेकींना ओळखत नाहीत. पास द्यायचा तर समोरची कुठं पोचणार हे आधी कळावं लागतं, आणि ते कळायला दोन वर्षं एकत्र घाम गाळावा लागतो. आपला संघ शेवटचा येईल. शिवाय ज्या मुलीनं हा संघ उभा केला तिला घरी जाऊन चार शब्द सांगायला आपल्याला लाज वाटली असेल, तर ती चांगली गोष्ट आहे, कारण लाज शिल्लक आहे. मी लाजेचं वाक्य जरा मऊ केलं. अक्कांनी ते ओळखलं आणि परत कडक करायला लावलं.

पत्र ईमेलनं पाठवलं, उत्तर अर्ध्या मिनिटात आलं. आपल्या उत्साहाबद्दल आभार, नवी जर्सी घेतल्यास सवलत मिळेल. त्या दिवशी मात्र अक्कांपेक्षा मी जास्त चिडलो. दीड तास खपून मी ते भाषांतर केलं होतं.

मग अक्कांनी ठरवलं, की नंदिनीनं उठाव केला पाहिजे. तिनं आवाज केला तर बाकीच्या सात जणी करतील, पेपरात येईल, साहेबांना उत्तर द्यावं लागेल. मला रजा काढायला लावून त्या मला बसनं आनेकलला घेऊन गेल्या. वाटेभर मला समजावत होत्या, की मी मध्ये बोलायचं नाही.

नंदिनी एका शाळेच्या मैदानावर भेटली. पंधरा-वीस मुली तिच्यासमोर रांगेत उभ्या राहून ड्रिबल करत होत्या. तिनं आम्हाला सावलीत बसवलं, कॉफी मागवली आणि अक्कांचं सगळं ऐकून घेतलं. मग जे बोलली ते अक्कांना अजिबात अपेक्षित नव्हतं. गुडघा दोन वर्षं दुखत होता, ती म्हणाली. हे होणार हे तिला ठाऊक होतं. वाईट वाटलं, खूप वाटलं, पण आता या मुली आहेत. आणि तिच्या जागी आलेल्या मुलीचा यादी लागली त्याच दिवशी तिला फोन आला होता. ती मुलगी माफी मागत होती आणि रडत होती. नंदिनीनं तिला समजावलं, आणि आपल्या स्टेडियमच्या कोर्टवर डावीकडच्या कोपऱ्यात बॉल कमी उसळतो, तिथं जपून, हेही सांगितलं.

"तू तिला कोपरा सांगितलास?" अक्कांनी विचारलं.

नंदिनी म्हणाली, मी नाही सांगणार तर कोण सांगेल. आणि अक्का, तुम्ही सामने सोडू नका. तुमच्यासारखी माणसं नाही आली तर ही लीग बंद पडेल, मग या पोरींनी कुठं खेळायचं.

परतीच्या बसमध्ये अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. अर्ध्या वाटेवर त्यांनी एकच वाक्य उच्चारलं, की माणसानं इतकं शहाणं असू नये. त्यांचा राग आता साहेबांवर, माझ्यावर आणि नंदिनीवर असा तिघांवर विभागला गेला होता, आणि तिघांनाही तो भरपूर पुरत होता.

तर सामने सोडायचे नाहीत, हे नंदिनीनं सांगितलेलं. आणि नव्या संघाचं तोंड बघायचं नाही, हे स्वतःशी ठरवलेलं. या दोहोंतून त्यांनी पाठ करून बसण्याचा मार्ग काढला. दारावरच्या सिक्युरिटीवाल्यानं पहिल्या दिवशी येऊन खुर्ची सरळ करायला सांगितलं. अक्कांनी त्याला कन्नडमध्ये विचारलं, की तिकिटावर कुठल्या दिशेला बघायचं ते लिहिलंय का. त्यानं खरोखरच तिकीट उलटसुलट करून वाचलं आणि निघून गेला.

मी धावतं वर्णन करायचं, असं ठरलं होतं. पण मी काही सांगायच्या आत त्याच सांगायच्या. बुटांचा आवाज, बॉलचा आवाज, शिट्टी, एवढ्यावर त्यांना सगळं कळत होतं. आता डावीकडं पास गेला. गेला, मी म्हणायचो. तिथं कुणी नव्हतं. नव्हतं. उंच मुलगी आता पळत येतेय, पण उशिरा. होय, उशिरा. एकदा मी चुकून 'सुंदर बास्केट झाली' म्हणालो, तर त्यांनी दुरुस्त केलं, की बास्केट समोरच्या संघाची झाली आहे आणि तुम्ही टाळ्या वाजवू नका.

पहिले चार सामने टर्बाइन्स हरले. अक्कांचं भाकीत अक्षरशः खरं ठरत होतं, आणि ते खरं ठरतंय म्हणून त्या आणखी चिडत होत्या. नव्या मुली वाईट नव्हत्या. एकेकटी चांगलीच खेळायची. पण पाच जणी पाच वेगळ्या घरांत स्वयंपाक केल्यासारख्या खेळत होत्या. या सगळ्याचं खापर एकाच मुलीवर फुटत होतं. ऋतुजा माने, वय एकवीस, कराडजवळच्या गावातली, नंदिनीच्या जागेवर आलेली पॉइंट गार्ड. तिची चूक झाली की प्रेक्षक ओरडायचे, 'नंदिनी! नंदिनी!' पहिल्या सामन्यात दहा-वीस जण ओरडत होते. चौथ्या सामन्यापर्यंत तो एक ठेका झाला होता. कुणीतरी त्यावर ढोलही वाजवू लागलं होतं. ज्यांनी मागच्या वर्षी नंदिनीला साधं पाणी विचारलं नव्हतं तेही ओरडत होते. माझ्या मनात आलं, की अक्कांना हे आवडत असेल. त्यांनी तसं काही दाखवलं नाही. फक्त माझ्याकडे वर्णन मागणं त्यांनी कमी केलं होतं.

पाचवा सामना रविवारी दुपारी होता. त्या दिवशी गर्दी जास्त, त्यामुळे आमच्या मागच्या रांगेतल्या लोकांना उठून जायला जागाच नव्हती. अक्कांच्या अगदी समोर एक सभ्य गृहस्थ मांडीवर चार वर्षांचा मुलगा घेऊन बसले होते. त्यांच्या शेजारी कॉलेजच्या मुलींची रांग. सामना शेवटच्या मिनिटापर्यंत चुरशीचा झाला. काही सेकंद उरले होते, आपण दोन गुणांनी मागे, आणि ऋतुजाला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही गेले तर बरोबरी.

पहिला कडीला लागून बाहेर आला.

सगळं स्टेडियम 'नंदिनी, नंदिनी' म्हणून गर्जायला लागलं. मी वर्णन करायला अक्कांकडे वळलो, तर त्या ऐकतच नव्हत्या. त्या समोर बघत होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की एवढ्या हजारो लोकांत प्रेक्षकांचे चेहरे समोरून पाहणारं माणूस ते एकच होतं. तो सभ्य गृहस्थ ओरडत होता आणि हसत होता. मुलाचे दोन्ही हात धरून त्याला तालावर टाळ्या वाजवायला शिकवत होता. कॉलेजच्या मुली एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून डोलत होत्या. कुणीच रागावलेलं नव्हतं. सगळे मजेत होते.

अक्का उठल्या. खुर्चीला वळसा घालून मैदानाकडे तोंड केलं आणि पायऱ्या उतरून कठड्यापर्यंत गेल्या. आम्ही बास्केटच्या मागच्या बाजूलाच बसलो होतो, त्यामुळे ती मुलगी तिथून पंधरा-वीस फुटांवर असेल. अक्कांनी तिला प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहिलं. त्या ओरडल्या नाहीत. कारखान्याच्या स्टोअरमध्ये मशीनच्या आवाजात बोलायची सवय असलेला तो आवाज, नुसता सरळ तिच्यापर्यंत गेला.

"माने, घाई कुणालाही नाही. तीन टप्पे टाक, मग फेक."

मुलीनं दचकून वर बघितलं. त्या गोंधळात मराठी कुठून आलं ते तिला कळेना. मग तिला कठड्याशी उभी असलेली ती उंच म्हातारी दिसली. तिनं बॉल खाली टाकला. एक, दोन, तीन. आणि फेकला. तो कडीला न लागता आत गेला.

सामना आम्ही एका गुणानं हरलो. पहिला फ्री थ्रो गेला असता तर, ही चर्चा बाहेर पडेपर्यंत चालू होती. अक्कांनी दारात त्या सभ्य गृहस्थाला गाठलं. मूल त्याच्या कडेवर होतं. त्यांनी त्याला कन्नडमध्ये सांगितलं, की वीस वर्षांनी तुमचा मुलगा नोकरीला लागेल, तेव्हा पहिल्या दिवशी मी त्याच्या ऑफिसात येणार आहे, आणि त्याच्या आधी त्या खुर्चीवर कोण बसत होतं त्याचं नाव घेऊन दिवसभर ओरडणार आहे. माझं वय बघू नका, मी येईन. गृहस्थानं मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. मुलगा अक्कांकडे बघून हसला.

खेळाडूंच्या दाराशी आम्ही पाऊण तास उभे होतो. ऋतुजा सगळ्यांत शेवटी बाहेर आली, टोपी कपाळावर ओढून. अक्कांना बघून थांबली. तुम्ही मराठी का, तिनं विचारलं. अक्कांनी सांगितलं, की आम्ही साडेतीनशे वर्षं इथलेच, पण ते अजून विसरलो नाही. मग त्यांनी तिला झापायला सुरुवात केली. उजवीकडं वळताना तू खांदा आधी फिरवतेस, त्यावरून आंधळ्यालाही कळेल कुठं जाणार ते, मी पाठ करून बसले होते तरी मला कळत होतं. जेवतेस का नीट? डोळ्यांखाली काय झालंय? आईला सांगितलंस का, लोक ओरडतात म्हणून? मुलगी म्हणाली, आईला नाही सांगितलं, तिला वाटतं लोक माझं नाव घेऊन ओरडतात. आणि मग एवढा वेळ आवरून धरलेलं सगळं तिच्या डोळ्यांतून एकदम बाहेर आलं. अक्का तिच्यासमोर तशाच उभ्या राहिल्या. त्यांना कुणाला जवळ घ्यायची सवय नाही. त्यांनी आपला पदर पुढे केला आणि म्हणाल्या, पूस.

त्यानंतर दर गुरुवारी ऋतुजा समोरच्या घरी जेवायला येऊ लागली. गल्लीत आम्हाला आता अक्कांचा आवाज दोन्ही वेळा ऐकू यायचा, ती आल्यावर आणि ती परत निघाल्यावर. अंगणात बॉल आपटल्याचा आवाजही यायचा. संघ थोडा सावरला. काही सामने जिंकला. शेवटून दुसरा आला. अक्कांचं भाकीत एका जागेनं चुकलं, आणि जो संघ शेवटचा आला त्याच्याबद्दल त्या अजून वाईट बोलतात.

हंगाम संपल्यावर त्यांनी एका रविवारी नंदिनीला आणि ऋतुजाला एकत्र जेवायला बोलावलं. आम्हा नवरा-बायकोलाही. कोंबडीचं कालवण होतं आणि आमच्यासाठी अवरेकाळूचं, म्हणजे पावट्याचं, सांबार. त्या दोघी फोनवर बोलत असत, पण समोरासमोर प्रथमच भेटत होत्या. अक्का सकाळपासून अस्वस्थ होत्या. ताटं दोनदा पुसून झाली होती. पण तसं काही अवघड झालंच नाही. दहा मिनिटांत दोघी हिंदी-कन्नडची खिचडी करून बोलू लागल्या. नंदिनी त्या डावीकडच्या कोपऱ्याची नक्कल करत होती. ऋतुजा सांगत होती, की तुमच्या नावाचा ठेका इतका पाठ झाला होता, की एकदा सरावात मीच तो गुणगुणले. नंदिनीनं तोंडावर हात ठेवला, आणि मग दोघीही पोट धरून हसायला लागल्या. माझी बायकोही त्यांच्यात सामील झाली.

मी पाणी आणायला आत गेलो. अक्का ओट्याला टेकून उभ्या होत्या. भाताचं पातेलं उतरवलेलं होतं, पण त्या वाढायला निघत नव्हत्या. बाहेरचं हसणं ऐकत होत्या.

मला त्यांनी त्या दिवशी जे सांगितलं ते सलग नाही सांगितलं, पण गोष्ट अशी होती. कारखान्याच्या संघात त्यांच्या आधी त्यांची थोरली बहीण होती, विमलाक्का. सरोजा नोकरीला लागली त्या वर्षी कँटीनच्या बोर्डावर संघाची यादी लागली. विमलाचं नाव नव्हतं. तिच्या जागेवर सरोजाचं होतं. त्या दिवशी कामाची पाळी संपल्यावर सरोजा दोन तास रस्त्यानं फिरत राहिली, घरी कसं जायचं म्हणून. गेली, तर विमला अंगणात बसून आपले खेळायचे बूट धूत होती. तिनं ते वाळत घातले आणि म्हणाली, तुला एक नंबर मोठे होतील, पुढं कापूस घाल. त्या वर्षी ती प्रत्येक सामन्याला आली. पाण्याची बाटली घेऊन पहिल्या रांगेत बसली. पुढं तिचं लग्न झालं, हुबळीला गेली. दर दसऱ्याला यायची. दोघी रात्रंदिवस बोलायच्या, जगातल्या सगळ्या गोष्टींवर. त्या यादीवर मात्र कधीच नाही. तीन वर्षांपूर्वी विमलाक्का गेल्या.

"मी वाट बघत होते, अण्णा," सरोजाक्का म्हणाल्या. "एकदा तरी माझ्याशी भांडेल म्हणून. ती भांडली असती तर मला माफी मागता आली असती."

मी नळ सोडला, तांब्या भरला, आणि भरल्यावरही नळ तसाच चालू ठेवला.

बाहेरून ऋतुजानं हाक मारली, अक्का, भात. सरोजाक्कांनी पातेलं उचललं आणि बाहेर गेल्या. आधी नंदिनीच्या ताटाशी वाकल्या. एक डाव वाढला, दुसरा वाढला, तिसरा वाढला.

"साकु अक्का," नंदिनी ताटावर हात धरत म्हणाली. सरोजाक्कांनी तो हात हळूच बाजूला केला आणि चौथा डाव वाढला.